नाशिकचं माजघर आणि म्हैसूरचं मिशन हॉस्पिटल

मी म्हैसूरहून बोलतेय. या मालिकेत आपण आजवर तह पाहिले, दुष्काळ पाहिले, जुने रस्ते पाहिले. आज एका रक्ततपासणीची गोष्ट सांगायची आहे. तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरात तो कागद असेल. ‘व्हिटॅमिन डी’ लिहिलेलं, पुढे एक आकडा आणि त्या आकड्याखाली लाल रेघ. इतिहासाच्या मालिकेत हा कागद कशाला, असं वाटेल. पण या कागदामागे शंभर वर्षांचा एक वाद आहे आणि त्या वादात आपल्या नाशिकनं एकदा साक्ष दिलेली आहे. ती साक्ष आपण विसरलो, म्हणून हा विषय.

आधी घरचं सांगते. माझं माहेर नाशिकचं, सासर म्हैसूरचं. सासरची मंडळी मूळची देशस्थ, पण पिढ्यान्‌पिढ्या इकडेच राहिलेली. घरात मराठी बोलतात, पण तिच्यात कानडी इतकी मुरलेली की पहिली दोन वर्षं मला अर्धं बोलणं अंदाजानंच घ्यावं लागलं. सासूबाई कामाला वाघ. पण १९९५-९६ पासून त्यांच्या कमरेत आणि मांड्यांत दुखायला लागलं. विळीवर भाजी चिरायला बसल्या की उठताना आधी गुडघ्यावर हात, मग भिंतीवर हात. चालताना डुलायच्या. नातवंडं हसायची आणि त्याही हसायच्या.

तेल झालं, शेक झाला, वातावरचे काढे झाले, कंबरपट्टा झाला. एका डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, “वय झालं, अम्मा. आणि थोडं मनाचंही असतं.” सासूबाई तेव्हा अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या. वयाचं त्यांनी मनावर घेतलं नाही, पण ‘मनाचं’ हा शब्द मात्र त्यांना लागला. त्या दिवसापासून त्यांनी दुखतंय म्हणणंच सोडून दिलं. घरातल्या आम्हा सगळ्यांची सोय झाली, हे आज कबूल करते. न बोलणाऱ्या माणसाचं दुखणं विसरायला फार वेळ लागत नाही.

१९९८च्या पावसाळ्यात एक दिवस त्या न्हाणीघरातल्या पाटावरून उठूच शकल्या नाहीत. पुढे काय झालं ते सांगतेच, पण त्याआधी शंभर वर्षं मागे जाऊ या.

शाळेतला तक्ता आठवतो? ‘अ’ नसेल तर रातांधळेपणा, ‘क’ नसेल तर स्कर्व्ही, ‘ड’ नसेल तर मुडदूस. मुडदूस म्हणजे लहान मुलांची हाडं मऊ राहून पाय वाकणं. मोठ्या माणसाच्या हाडांची वाढ पूर्ण झालेली असते, त्यामुळे त्याचे पाय सहसा असे वाकत नाहीत. त्याच्या हाडात नवा चुना नीट बसत नाही, हाड आतून मऊ पडतं आणि दुखतं. याला डॉक्टर ऑस्टिओमलेशिया म्हणतात. आपण अस्थिमृदुता म्हणू. तक्त्यात मुलाचं चित्र होतं, आईचं नव्हतं. त्यामुळे हा लहान मुलांचा रोग आहे, हेच आपल्या डोक्यात राहिलं.

युरोपात हा रोग फार जुना. इंग्लंडच्या फ्रान्सिस ग्लिसननं १६५० मध्ये त्यावर अख्खा ग्रंथ लिहिला. कारखाने आले, धूर आला, दाटीवाटीच्या चाळी आल्या, तसा तो आणखी पसरला. कारण मात्र कळत नव्हतं. थिओबाल्ड पाम नावाचा एक इंग्रज मिशनरी डॉक्टर जपानात काम करून मायदेशी परतला. जपानात त्याला मुडदूस जवळजवळ दिसलाच नव्हता, इथे मात्र गल्लोगल्ली वाकड्या पायांची मुलं. त्यानं जगभरच्या मिशनरी डॉक्टरांना पत्रं लिहून विचारलं, तुमच्याकडे काय दिसतं? त्यांत हिंदुस्थानातलेही होते. १८९० मध्ये त्यानं लिहिलं की जिथे ऊन भरपूर तिथे हा रोग नाही, तेव्हा मुलांना उन्हात काढा. कुणी फारसं लक्ष दिलं नाही.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास याचे दोन तट पडले. ग्लासगोची मंडळी म्हणत, कोंदट घरात कोंडून राहणं हेच कारण. लंडनचे एडवर्ड मेलॅन्बी म्हणत, कारण आहारात आहे. त्यांनी कुत्र्याच्या पिल्लांना ठरावीक खाणं देऊन मुडदूस घडवून दाखवला आणि कॉड माशाच्या यकृताच्या तेलानं तो बरा करून दाखवला. पण ती पिल्लं होती घरात कोंडलेली, उन्हापासून लांब. हा बारकावा तेव्हा मागे पडला. १९१९ मध्ये बर्लिनच्या हुल्डशिन्स्की या डॉक्टरनं मुडदूस झालेल्या मुलांवर पाऱ्याच्या दिव्याचा अतिनील प्रकाश सोडला आणि क्ष-किरणांच्या चित्रांत त्यांची हाडं सुधारलेली दिसली. म्हणजे एकीकडे तेलानं रोग बरा होतो, दुसरीकडे उजेडानं. तेल आणि उजेड यांचा एकमेकांशी काय संबंध?

याच वेळी साक्षीला आलं नाशिक. १९२१-२२ च्या सुमारास हचिसन नावाच्या डॉक्टरनं, शहा आणि पटेल या आपल्याकडच्या सहकाऱ्यांबरोबर, नाशिक शहरातल्या मुडदुसाचा अभ्यास छापला. लहान मुलांमधला आणि वयात येणाऱ्या मुलींमधला, ज्याला ते ‘उशिराचा मुडदूस’ म्हणत, तो. त्यांना जे दिसलं ते त्या काळच्या समजुतीच्या अगदी उलट होतं. रोग होता तो खात्यापित्या घरांत, जिथे दूधतूप होतं पण बायकामुलींनी बाहेर पडायची रीत नव्हती. हिंदू घरं होती, मुसलमान घरं होती. उलट ज्यांच्या पानात दोन वेळा धड काही पडत नव्हतं, पण जे दिवसभर शेतात आणि रस्त्यावर राबत होते, त्यांच्यात हा रोग जवळपास नव्हता.

नाशिकची मुलगी म्हणून हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आमच्या पंचवटीतल्या जुन्या वाड्याचं माजघर आठवलं. बाहेर चौकात ऊन, ओटीवर पुरुषमाणसं आणि आत माजघरात दुपारीही दिवा लागावा इतका अंधार. बाळंतिणीची खोली तर त्याहून आत. दारावर जाड पडदा, वारा लागू नये म्हणून. आमच्याकडे कुणी पडदा पाळत नव्हतं. पण पहाटे चुलीपाशी बसलेली बाई दुपारी जेवणं उरकून उठेपर्यंत तिच्या अंगावर ऊन पडायचं कधी? मागच्या दारी भांडी घासायला यायची ती कामवाली बाई. तिच्यावर ऊन पडायचं.

हचिसन यांच्या अभ्यासाला आजच्या कसोट्या लावल्या तर त्यात उणिवा निघतील. रक्तातलं जीवनसत्त्व मोजायची सोय तेव्हा नव्हती. पण प्रश्न अचूक होता. त्यांनी माणूस काय खातो हे विचारलं आणि त्याचबरोबर त्याचा दिवस कुठे जातो हेही विचारलं. हा दुसरा प्रश्न आपण आज विचारत नाही.

तिकडे श्रीनगरमध्ये कॅथलीन व्हॉन ही डॉक्टर बायकांच्या इस्पितळात काम करत होती. तिच्यापुढे हाच रोग आणखी भयंकर रूपात आला. पडद्यात राहणाऱ्या तरुण बायकांची कंबरेची हाडं मऊ होऊन आत दबलेली, बाळंतपणाची वाटच अरुंद झालेली. पहिलं मूल कसंबसं व्हायचं, दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला बाई अडायची आणि जायची. १९२८ मध्ये तिनं पडद्याची चाल आणि तिचा मातृत्वावर होणारा परिणाम यावर पुस्तक लिहिलं. उजेडाअभावी बायका मरताहेत, असं तिनं स्पष्ट शब्दांत म्हटलं. परक्या राज्यातल्या डॉक्टरनं आपल्या चालीरीतींवर बोट ठेवलं की आपल्याला राग येतो, आणि त्या काळच्या अशा लिखाणात तुच्छताही असायची. पण अडलेल्या बाईची हाडं कुणाच्या रागालोभावर वाकत नाहीत.

तेल आणि उजेडाचं कोडं याच दशकात सुटलं. युद्धानंतरच्या व्हिएन्नात हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऊन आणि माशाचं तेल, दोन्हींनी मुडदूस बरा होतो हे दाखवलं. अमेरिकेत मॅकॉलम यांनी १९२२ मध्ये दाखवलं की माशाच्या तेलातला मुडदूस बरा करणारा पदार्थ ‘अ’ जीवनसत्त्वाहून निराळा आहे. अ, ब, क ही नावं झाली होती, म्हणून हा ‘ड’. १९२४ मध्ये स्टीनबॉक आणि हेस यांनी वेगवेगळं काम करून सिद्ध केलं की अतिनील प्रकाश दिलेल्या अन्नातही तो गुण उतरतो. त्यामागचं रसायन उलगडणाऱ्या जर्मन शास्त्रज्ञ विंडाउस यांना १९२८चं नोबेल मिळालं. आपल्या कातडीत कोलेस्टेरॉलच्या जवळचा एक पदार्थ असतो. त्यावर उन्हातली ठरावीक अतिनील किरणं पडली की त्याचं ‘ड’ बनतं. ते यकृतात जातं, तिथून मूत्रपिंडात आणि तिथे त्याला खरं बळ येतं. मग ते आतड्याला सांगतं, जेवणातला कॅल्शियम आत घे. ही खूण पोचली नाही तर तुम्ही कितीही दूध प्या, बरंचसं तसंच बाहेर जाईल.

यकृतातून बाहेर पडणारं जे रूप आहे ते रक्तात मोजायची रीत १९७१ च्या सुमारास निघाली. तुमच्या कागदावरचा आकडा तो. आकडा हातात आल्यावर जगभर मोजणी सुरू झाली. आपल्याकडे सगळ्यांची समजूत अशी की हिंदुस्थानात ऊन बक्कळ, तेव्हा इथे ‘ड’ कमी असणार नाही. २००० मध्ये दिल्लीच्या एम्समधल्या गोस्वामी, कोचुपिल्लै आणि सहकाऱ्यांनी निरोगी माणसांची तपासणी छापली आणि ती समजूत कोसळली. त्यांनी सैनिक तपासले, गरोदर बायका तपासल्या आणि डॉक्टर-परिचारिकाही तपासल्या. भर हिवाळ्यात तपासलेल्या सैनिकांची पातळी डॉक्टर-परिचारिकांपेक्षा कितीतरी बरी निघाली. मला इथे पुन्हा नाशिक दिसतं. माजघराच्या जागी इस्पितळाची इमारत आली, एवढाच फरक.

आता म्हैसूर. इथल्या मंडी मोहल्ल्यात होल्ड्सवर्थ मेमोरियल हॉस्पिटल आहे. गावातले जुने लोक त्याला नुसतं ‘मिशन हॉस्पिटल’ म्हणतात. मेथडिस्ट मिशनऱ्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बायकामुलांसाठी ते उभारलं. तिथून थोड्याच अंतरावर सय्याजीराव रोड आहे. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचं नाव लागलेला रस्ता, म्हणून आपल्या लोकांना तेवढंच जवळचं. या हॉस्पिटलनं एक काम वर्षानुवर्षं नेटानं केलं. जन्मलेल्या प्रत्येक मुलाचं वजन, लांबी, डोक्याचा घेर वहीत लिहून ठेवला. १९३४ पासूनच्या त्या वह्या जपल्या गेल्या. १९९६ मध्ये संशोधकांनी, १९३४ ते १९५४ या काळात इथे जन्मलेल्या माणसांना शोधून काढून, जन्माच्या वेळी वजन कमी असलेल्यांना पुढे हृदयविकार जास्त होतो असं दाखवलं. कुणा नर्सनं कंटाळवाण्या रात्रपाळीत लिहिलेले आकडे साठ वर्षांनी जगाच्या कामी आले.

१९९७-९८ मध्ये याच हॉस्पिटलात नवा अभ्यास सुरू झाला. नाव ‘म्हैसूर पार्थेनन’. कृष्णवेणी, वीणा, साउदॅम्प्टनच्या कॅरोलाइन फॉल ही त्यातली नावं. गरोदरपणाच्या तिसाव्या आठवड्यात बायकांचं रक्त घेतलं गेलं. ‘ड’ची पातळी मोजून निष्कर्ष छापले गेले ते २००९ मध्ये. ५५९ बायकांपैकी ६६ टक्क्यांची पातळी २० नॅनोग्रॅमच्या खाली होती आणि ३१ टक्क्यांची सुमारे ११ च्याही खाली. हे बाराव्या अक्षांशावरच्या गावात! डिसेंबरातही म्हैसूरला भर दुपारी माणसाची सावली त्याच्या उंचीपेक्षा आखूड पडते. ग्लासगोला त्याच दिवशी ती उंचीच्या पाचपटीहून लांब असते.

या अभ्यासातलं मला सगळ्यात आवडतं ते हे, की जे निघालं नाही तेही त्यांनी सरळ सांगितलं. कमी ‘ड’चा आणि गरोदरपणातल्या मधुमेहाचा संबंध दिसला नाही. बाळाच्या आकारमानाशीही दिसला नाही. पुढे २०११ मध्ये त्याच मुलांची पाहणी छापली गेली. ज्यांच्या आयांमध्ये ‘ड’ कमी होतं त्या मुलांच्या दंडाचे स्नायू पाचव्या आणि साडेनवव्या वर्षी थोडे लहान होते आणि साडेनवव्या वर्षी शरीराचा इन्सुलिनला प्रतिसादही कमी होता. संबंध दिसला म्हणजे कारण सापडलं असं नाही. पण आईचा दिवस कुठे गेला याचा माग मुलाच्या दंडात शोधावा लागतो, एवढं तरी कळलं.

आणि आता तारखा पाहा. १९९८ मध्ये मंडी मोहल्ल्यात गरोदर बायकांचं रक्त घेतलं जात होतं आणि त्याच पावसाळ्यात, त्याच गावात, माझ्या सासूबाई न्हाणीघरात बसून होत्या. त्या दिवशी आमच्याकडे एक तरुण डॉक्टर आले. त्यांनी आधी नाडी-बिडी पाहिली नाही. खुर्ची समोर ठेवली आणि म्हणाले, “अम्मा, हात न टेकता उठा.” उठता आलं नाही. मग नडगीवर अंगठ्यानं दाबलं. सासूबाई कळवळल्या. मग विचारलं, “दिवसभर कुठे असता?” “घरातच. मी कुठे जाणार?” “ऊन कधी लागतं?” सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनाही उत्तर सापडेना. “पापड वाळत घालते तेव्हा,” म्हणाल्या. पण गच्चीवर चढायचं त्यांनी दोन वर्षांपूर्वीच सोडलं होतं.

‘ड’ची तपासणी तेव्हा आमच्याकडे सहज होत नव्हती. डॉक्टरांनी साध्या तपासण्या सांगितल्या: कॅल्शियम, फॉस्फरस आणि अल्कलाइन फॉस्फटेज. पहिल्या दोन कमी आल्या, तिसरी खूप वाढलेली. कमरेच्या क्ष-किरणांत मांडीच्या हाडाच्या मानेशी एक फिकट पट्टा दिसला. तुटल्यासारखा, पण पूर्ण न तुटलेला. अस्थिमृदुतेची ही जुनी, खात्रीची खूण. मूत्रपिंड आणि यकृत ठीक आहे ना, जुलाबाचा जुना आजार नाही ना, फिट्सच्या गोळ्या चालू नाहीत ना, हे सगळं त्यांनी विचारून घेतलं, कारण त्यांनीही ‘ड’ कमी होतं आणि मग उपचार बदलतो. निदान झालं. खर्च काही शे रुपये. तीन वर्षं जे ‘मनाचं’ होतं ते काचेवर दिसत होतं.

उपचारही साधा. ६०,००० युनिटची पूड आठवड्यातून एकदा, दुधातून, आठ आठवडे. मग महिन्यातून एकदा. बरोबर रोज कॅल्शियम, कारण ‘ड’ हा नुसता दारवान आहे, आत यायला चुना तर पाहिजे. जेवणात दूध-ताक आणि नाचणी. आमच्या म्हैसूरला रागी-मुद्दे घरोघरी. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. दुखणं महिन्याभरात उतरलं. ताकद यायला मात्र सहा महिने लागले. दसऱ्याला त्या भिंतीला धरून उठत होत्या, संक्रांतीला गुडघ्यावर हात ठेवून आणि पाडव्याला नुसत्याच उठल्या. उठून मला म्हणाल्या, “मनाचं नव्हतं गं.” बस, एवढंच म्हणाल्या.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण २०२१ मध्ये नाशिकला माझ्या भावाचा आकडा आला १४. तो तंदुरुस्त, रोज चालणारा. आठवड्यातून एक गोळी घ्यायची ती त्यानं रोज घेतली. औषधाच्या चिठ्ठीवर नीट लिहिलं होतं, वाचलं यानं नाही. आठ आठवड्यांत संपायचं ते साडेतीन महिने चाललं. मग जेवण जाईना, पोट साफ होईना, सारखी तहान, सारखी लघवी आणि एक दिवस बोलण्यात गोंधळ. घरच्यांना वाटलं अर्धांगाचा झटका. रक्तात कॅल्शियम १४ वर गेलं होतं, मूत्रपिंडाला सूज. सलाइन, देखरेख, कॅल्शियम बंद, ऊनसुद्धा बंद. ‘ड’ चरबीत साठतं, लघवीवाटे लगेच जात नाही, म्हणून पूर्ण उतरायला कित्येक आठवडे गेले. भाऊ वाचला. २०११ मध्ये श्रीनगरच्या डॉक्टरांनीच अशा विषबाधा झालेल्या प्रौढ रुग्णांची नोंद छापली होती. जिथे कॅथलीन व्हॉन यांनी उजेडाअभावी मरणाऱ्या बायका पाहिल्या, तिथेच ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांनी लोक त्याच जीवनसत्त्वाच्या अतिरेकानं दाखल होत होते.

एकदाच मोठा डोस घेऊन मोकळं व्हावं, ही कल्पनाही तपासून झाली आहे. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या दोन हजारांहून जास्त बायकांवर चाचणी झाली. निम्म्यांना वर्षातून एकदा पाच लाख युनिट दिले. २०१० मध्ये निकाल आला. ज्यांना ‘ड’ दिलं त्याच जास्त पडल्या आणि त्यांचीच हाडं जास्त मोडली. अमेरिकेत २५,८७१ माणसांवर झालेल्या चाचणीत रोज २,००० युनिट देऊनही कर्करोग किंवा हृदयविकाराचं प्रमाण कमी झालं नाही, आणि पुढच्या निकालात हाडं मोडण्याचंही नाही. पण ती माणसं कमतरता पाहून निवडलेली नव्हती, बहुतेकांचं ‘ड’ मुळात पुरेसं होतं. भरलेल्या हंड्यात आणखी पाणी ओतून काही होत नाही, एवढंच त्यातून कळतं. माझ्या सासूबाईंचा हंडा रिकामा होता.

आकड्याच्या रेघेवरही वाद आहे. अमेरिकेतल्या एका समितीनं २०१० मध्ये २० पुरे म्हटलं, तर तिथल्याच अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञांच्या संस्थेनं २०११ मध्ये ३० हवं म्हटलं. ३०ची रेघ मारली की निम्मं गाव आजारी ठरतं. त्याच संस्थेनं २०२४ मध्ये ती रेघ मागे घेतली आणि निरोगी प्रौढांची सरसकट तपासणी करू नका, असं सुचवलं. तुमच्या कागदावर लाल रेघ कदाचित अजून ३० वरच असेल. तेव्हा २४ आकडा पाहून घाबरू नका. आणि ५ पाहून दुर्लक्षही करू नका, डॉक्टरांकडे जा.

मला विचारतात, मग करायचं काय? मी डॉक्टर नाही, औषधाचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. इतिहासानं जे शिकवलं तेवढं सांगते. एक, सकाळी साडेसहाचं कोवळं ऊन अंगाला बरं वाटतं, पण त्यात ती ठरावीक किरणं फारशी नसतात. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की ‘ड’ बनतं. सावळ्या कातडीला जास्त वेळ लागतो. हातपाय उघडे ठेवून थोडा वेळ उभं राहावं, भाजून घेऊ नये. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हाचा उपयोग नाही, ती किरणं काच अडवते. दोन, गोळी रोजची की आठवड्याची, आणि बंद कधी करायची, हे विचारून कागदावर मोठ्या अक्षरात लिहून घ्या. तीन, ज्यांना घराबाहेर पडताच येत नाही, अंथरुणाला खिळलेले, म्हातारे, पूर्ण अंग झाकणारे, रात्रपाळी करून दिवसा झोपणारे, त्यांना ऊन घ्या असं सांगून भागत नाही. त्यांच्यासाठीच औषध आहे.

आणि एक काम आजच करा. घरात आई, सासू, आत्या, मावशी, जी कोणी चार भिंतींत असते, तिला विचारा, “जमिनीवरून उठताना हात टेकावे लागतात का?” हो म्हणाली तर पुढे विचारा, “कधीपासून?” आणि उत्तर पूर्ण ऐका. आमच्या घरात हा प्रश्न विचारायला तीन वर्षं लागली, आणि विचारला तो बाहेरच्या माणसानं.

सासूबाई पुढे सोळा वर्षं होत्या. रोज अकराच्या सुमारास गच्चीवर खुर्ची टाकून बसायच्या, शेंगा सोलत. कुणी वर बोलवायला गेलं तर म्हणायच्या, “थांब, माझं औषध चालू आहे.”